आरतीचा पितळी तास

मी हृदयाच्या तालाची डॉक्टर आहे. ठोके चुकतात, धावतात, थांबतात, ते बघणं माझं काम. ग्वाल्हेरात हे कितीही समजावलं तरी लोक शेवटी विचारतातच, "म्हणजे एंजियोप्लास्टी नाही करत काय तुम्ही?"

शिक्षण संपलं तेव्हा वरिष्ठांनी दिल्लीची जागा सुचवली होती. इथे राहून संशोधन होत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. ग्वाल्हेरजवळच्या डबरा गावात सरकारी शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी शेजारी बसून माझा फॉर्म भरला नसता, तर मीही पाहिलं नसतं. जे मिळालं ते याच भागातल्या माणसांनी दिलं. मग त्यांचे आजार शोधायला मी दुसरीकडे का जायचं?

नवरात्राला चार दिवस होते. दौलतगंजातलं एक मराठा कुटुंब ओपीडीत आलं: सासूबाई, त्यांचा मुलगा, सून आणि तिच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ. सून बाळाला घेऊन उभी असतानाच कोसळली होती. बाळाला लागलं नाही, पण नवरा हादरला होता. फाइलमध्ये जुन्या तपासणीचा एकच शब्द होता, हिस्टेरिया. तो माझ्याच वरिष्ठांनी लिहिला होता.

"केव्हा केव्हा पडता?" मी सुनेला विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. "पडत नाही हो. देवी येते हिच्या अंगात. आरतीत पितळी तासावर टोला पडला की येते. दोन वर्षं झाली."

"फक्त आरतीलाच?"

"एकदा कुकरच्या शिटीला पण पडली होती," नवरा म्हणाला.

"त्या दिवशी उपास होता," सासूबाई म्हणाल्या.

"देवी कुकरच्या शिटीला पण येते काय, आईसाहेब?" मी म्हणाले. असं बोलायला नको होतं. सासूबाईंनी पदर सावरला आणि भिंतीकडे बघत बसल्या.

ईसीजीच्या कागदावर यंत्राने "नॉर्मल" छापलं होतं. यंत्राचं मी ऐकत नाही. कर्कटक घेऊन हाताने मोजलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला थोडा वेळ लागतो. हिच्या हृदयाला तो फार लागत होता. अशा हृदयाजवळ एकदम मोठा आवाज झाला की ताल विस्कटू शकतो आणि माणूस पडतो. बहुतेक वेळा ताल आपोआप सावरतो. एखाद्या वेळी सावरत नाही. बाळंतपणानंतरचे महिने तर जास्तच धोक्याचे.

"माहेरी कुणी असं अचानक गेलं होतं?"

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "मावशी. सकाळी मोबाइलचा अलार्म वाजत राहिला. ती उठलीच नाही."

मी नवऱ्याला सगळं समजावलं, गोळ्या लिहून दिल्या आणि आजच सुरू करा म्हणून सांगितलं.

"दसरा होऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "अष्टमीला अर्धी गल्ली येते हिच्या पाया पडायला. गोळीने देवी आली नाही तर?"

"नाही आली तर सून घरात राहील."

नवऱ्याने फाइल मिटली आणि ते गेले. फाइल त्याच्या हातात द्यायच्या आधी मी "हिस्टेरिया"वर आडवी रेघ मारून खाली सही केली होती. माझ्याच सहायकाने ते वरिष्ठांच्या कानावर घातलं असावं, कारण तासाभरात त्यांचा फोन आला. "बहुत बड़ी हो गई हैं आप." मी म्हणाले, "सर, कागद बघायला या. मोजून दाखवते." ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. घरी लसीचं सांगून, ई-रिक्शात बाळाला घेऊन.

"काल तुम्ही सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरताई. मला नाही सांगितलं."

खरं होतं. आमच्या ओपीडीत फाइल ज्याच्या हातात, बोलणं त्याच्याशी. ती खोड मलाही लागली होती. मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गोळ्या आणल्याच नव्हत्या, हेही तेव्हा कळलं.

"त्या घरात मला कुणी नावानेसुद्धा हाक मारत नव्हतं," ती म्हणाली. "ए, इकडे ये, बस्स. पहिल्यांदा आरतीत पडले आणि सासूबाईंनी पाय धरले माझे. गोळी घेतली तर मी परत 'ए' होणार."

याला माझ्याकडे औषध नव्हतं आणि मी खोटंही बोलले नाही. तिने बाळाकडे पाहिलं. "ह्याला पण असेल काय?"

बाळाचा ईसीजी काढला. बाळ रडत होतं, म्हणून दोनदा काढावा लागला. मी तीनदा मोजलं. त्यालाही तोच आजार होता.

ओपीडीतल्या साठ्यातली पहिली गोळी तिने माझ्यासमोर, माझ्याच बाटलीतल्या पाण्याने घेतली. बाळालाही औषध सुरू केलं. "आणि मोठा आवाज?" तिने विचारलं. "टाळायचा. दोघांनीही," मी म्हणाले.

अष्टमीला तिने मला हळदीकुंकवाला बोलावलं. थाटीपुरातून जाताना सहायक म्हणाला, मॅडम, आप वहाँ जाकर लड़ेंगी क्या? लागलं तर, मी म्हणाले.

ओसरी बायकांनी भरली होती. दिराने तास उचलला, भाकरीएवढी जाड पितळी थाळी, आणि दांडकं उगारलं. ती पुढे झाली. बाळ नवऱ्याकडे देऊन तिने दिराचं मनगट धरलं.

"वाजवायचा नाही."

"वहिनी, क्या कर रही हो?"

"अगं, देवी रुसेल," कुणीतरी म्हणालं.

"माझ्याच अंगात येते ना ती? मग मलाच विचारा. ती म्हणते, ह्या घरात तास नको. बाळाला नको."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डॉक्टरीणबाई, हे खरं?"

आयुष्यभर मी मोजल्याशिवाय काही म्हटलेलं नाही. त्या सुनेला त्या घरात उभं राहायला जी जागा होती, ती तिने स्वतः मिळवलेली होती. ती काढून घ्यायला मी गेले नव्हते.

"तिचं ऐका," मी म्हणाले.

सासूबाईंनी दिराच्या हातून तास घेतला, उपरण्यात गुंडाळला आणि देव्हाऱ्याखाली ठेवला. मग सुनेला नावाने हाक मारून आरती सुरू करायला सांगितली. आम्ही सगळ्यांनी हलक्या टाळ्यांवर आरती म्हटली, आणि सून शेवटच्या कडव्यापर्यंत उभी होती.