धुऱ्याच्या अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि मला कादंबऱ्यांचं वेड लागलं होतं. शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढे गुरं, मग शेत. मधल्या सगळ्या वर्षांत मी वाचलं ते खताच्या पिशवीवरचं आणि एसटीच्या पाटीवरचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, धुळीत जाऊ नका म्हणून डॉक्टरनं बजावलं, तेव्हा दारव्ह्याला दिलेली माझी मुलगी तिथल्या वाचनालयातून एक पुस्तक घेऊन आली. वेळ जावा म्हणून. वेळ गेला, पण पुस्तक पुढे जाईना. पहिलं पान सकाळी धरलं ते जेवणापर्यंत पुरलं. पण मी धरलेलं सोडत नाही, गावात कोणालाही विचारा.

अडचण एकच होती. मला मनात वाचता येत नाही. आमच्या गुरुजींनी आम्हाला ओरडून वाचायला शिकवलं, ते तसंच राहिलं. ओठ बंद केले की अक्षरंही बंद होतात. घरात माझं वाचन सुरू झालं की सून टीव्हीचा आवाज वाढवायची, मग मी माझा वाढवायचो. एक दिवस तीच म्हणाली, "बाबा, डोळे बरे झाले न तुमचे? मंग वावरात जाऊन बसा बरं आता."

वावरात कापसाचा वेचा चालू होता. बंजारा तांड्यावरच्या बाया वेचायला येत. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई, तिला सगळ्या याडी म्हणतात, म्हणजे आई. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल, पण मीही याडीच म्हणतो. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली गोणपाट टाकून वाचायला बसलो तर ती लांबून ओरडली, "बाबाजी, वाचून राह्यले का कोणासंगं भांडून राह्यले?"

"वाचून राह्यलो!"

"मंग जरा इकडे तोंड करून वाचा. अर्धं हवेतच जाते."

तेव्हापासून वेचणीची रीतच बदलली. बाया धुऱ्याजवळच्या ओळी आधी धरायला लागल्या, आणि त्या पुढे सरकल्या की मीही गोणपाट उचलून पुढे सरकायचो. शेजारच्या गावातून मजूर न्यायला ऑटो यायचे, पण आमच्या बाया हलत नव्हत्या. मुलाला वाटलं त्याच्या वागण्यानं टिकल्या. वाटू दिलं.

त्या हंगामात वाचलेल्या पुस्तकांबद्दल माझी मतं पक्की आहेत, ती सांगतो.

पहिली कादंबरी पुण्याच्या एका विधवा बाईची. मुलं परदेशात, मोठा फ्लॅट, आणि एक शिकणारी मुलगी भाड्यानं राहायला येते. दोघी आधी वेगवेगळा स्वयंपाक करतात, शेवटी एकत्र जेवतात. बस, एवढीच गोष्ट. एका ठिकाणी गॅसचं सिलिंडर संपतं आणि त्यावर लेखकानं पानंच्या पानं लिहिली आहेत. मला आधी राग आला. सिलिंडर संपलं तर दुसरं लाव आणि पुढे चाल. पण वाचता वाचता लक्षात आलं की त्या दोघी सिलिंडरवर बोलतच नाहीत. कोण कोणाच्या घरात आहे, त्यावर बोलतात. सासू-सुनेच्या घरात जन्म काढलेल्या बाया ते माझ्या आधी समजल्या. ओटीत कापूस कोंबता कोंबता एकीनं डोळे पुसले. ज्या लेखकाला सिलिंडरवर रडवता येतं त्याला मी मानतो. तक्रार एकच. एवढ्या मोठ्या पुस्तकात कोणी कोणाला "जेवली का?" असं विचारत नाही. पुण्यात विचारत नसतील.

दुसरी एका पोराची. बाप कापूसवाला, पोरगा शहरात मोटरसायकलवर लोकांची जेवणं पोचवतो. ही मी दोनदा वाचली. त्या पोराला पत्ता सापडत नाही आणि पिशवीतल्या बिर्याणीचा वास येत असतो, स्वतः तो सकाळपासून उपाशी, तो भाग वाचताना मी दोनदा ओळ चुकलो. पण लेखकानं एके ठिकाणी घात केला. पोरगा घरी येतो तेव्हा श्रावण असतो आणि आई वावरात कापूस वेचत असते. श्रावणात! पऱ्हाटीला पात्या, म्हणजे कापसाला नुसत्या कळ्या धरायच्या दिवसांत! बाया इतक्या हसल्या की एकीची ओटी सुटून सगळा कापूस सांडला.

मी म्हणालो, "हसू नका. त्याच्याकडं होत असन लवकर."

"कुठी, आभाळात?" याडी म्हणाली.

तरी मी लेखकाची बाजू सोडली नाही. इतकं चांगलं लिहिणाऱ्याला एक श्रावण माफ.

तिसरी रहस्यकथा होती, समुद्रकाठच्या लॉजमधल्या खुनाची. तिच्यात खुनी शेवटी कळतो तर तो आधी कुठेच आलेला नाही. मागल्या दारानं आणून उभा केला. ही बेइमानी आहे. आम्ही पंधरा दिवस डोकं लावलं त्याचं काय? एवढं एकच पुस्तक मी वाईट म्हणतो.

आणि मग आली चौथी. हिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो आहे.

पण आधी धुऱ्यापलीकडच्या माणसाचं सांगावं लागेल. माझ्या वावराला लागून त्याचं वावर. आम्ही एकाच वयाचे, तिसरीपर्यंत एकाच फळ्यापुढे बसलो, फरक इतकाच की तो तेवढंही विसरला. मधल्या धुऱ्यावर एक पळस होता. तो त्यानं तोडला. पळस माझा होता. तेव्हाही माझा म्हणत होतो, आजही म्हणतो. तेव्हापासून आमचा अबोला. एकमेकांच्या लग्नकार्यात जेवलो, मयतीला गेलो, पण शब्द नाही. काही बोलायचंच झालं तर मधल्या माणसाला "सांग त्याले" म्हणायचं. तो माणूस मध्ये उभा असतो आणि दोघांचंही दोघांना ऐकू येतं. गावात सगळ्यांना याची सवय झाली आहे.

त्या वर्षी त्याला काम बंद होतं. काळजाचा आजार. नागपूरला मोठं ऑपरेशन ठरलं होतं आणि बाजाराच्या दिवशी त्याचा मुलगा त्याला घेऊन जाणार होता. वय बघता काय होईल याची डॉक्टरनं खात्री दिली नव्हती, हेही गावाला माहीत होतं. तो दुपारी वावरात यायचा आणि पळसाच्या त्याच बुंध्यावर माझ्याकडे पाठ करून बसायचा. वाचताना मी मान वर करत नाही, नाहीतर ओळ चुकते. पण त्याच्या खोकल्यावरून मला कळायचं, आला म्हणून. सिलिंडरचं पुस्तक त्यानं पाठ फिरवूनच ऐकलं. श्रावणावर बाया हसल्या तेव्हा त्याची पाठ हलत होती.

चौथी कादंबरी द्राक्षांच्या मुलखातली. एक रिटायर हेडमास्तर मळ्याच्या विहिरीत मरून सापडतो. शोध करायला एक बाई इन्स्पेक्टर येते. तिची दाढ दुखत असते. पहिल्या प्रकरणात दाढ दुखायला लागते आणि लेखिका ती शेवटपर्यंत विसरत नाही. बाई लवंग चावते, सवाल विचारते, पुन्हा लवंग चावते. रात्री झोप नाही म्हणून ती कागद बघत बसते आणि त्यातूनच धागा हाती येतो. याला लिहिणं म्हणतात. मी खूप बैल पारखले, चालीवरून खोट ओळखतो. या बाईच्या लिहिण्यात मला खोट दिसली नाही.

संशय तिघांवर. एक डॉक्टर. एक भाचा, मामाच्या घरी राहणारा, रात्री मामाचे पाय चेपणारा, सगळ्यांशी गोड. आणि एक सख्खा भाऊ, समोरच्याच घरात राहणारा, ज्याचा हेडमास्तरशी वर्षानुवर्षं अबोला. त्या संध्याकाळी हेडमास्तरच्या खिडकीत दिवा लागला नाही आणि पहिला हाच भाऊ रस्त्यावर येऊन ओरडला की काहीतरी झालं. याला कसं कळलं?

मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, भावानंच केलं. बायाही म्हणाल्या, भावानंच. आणि सगळ्यांना दुसरी काळजी होती. मी वाचतो हळू, पुस्तक जाड, आणि बाजाराचा दिवस जवळ आला होता. याडी रोज विचारायची, "बाबाजी, होईन न थ्या दिवसाच्या आत?" कोणाचं नाव घ्यायची नाही. मी म्हणायचो, "पुस्तक हाय, पऱ्हाटी नाही, का आज वेचून टाकली."

बाजाराच्या आदल्या दिवशी तीन प्रकरणं उरली होती. मी मनाशी ठरवून सकाळीच वावरात गेलो होतो, काहून ते कोणाला सांगायची गरज नाही. दोन वाचून झाली. इन्स्पेक्टर बाई सगळ्यांना मळ्यावर गोळा करते तिथे प्रकरण संपलं. मी पाणी प्यायला थांबलो आणि म्हणालो, "पाहा आता, भाऊच निघते."

बुंध्यावरून आवाज आला. "याडी, सांग त्याले. भाऊ नाही म्हणा. भाचा हाय."

मी म्हणालो, "सांग त्याले, पुस्तक मी वाचून राह्यलो."

"सांग त्याले, वाचणाऱ्याचं ध्यान अक्षरात राह्यते. ऐकणाऱ्याले समजते."

बाया वेचायच्या थांबल्या. याडी दोघांच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभी. "मी कापूस वेचू का डाकघर चालवू?"

"विचार त्याले," मी म्हणालो, "दिवा नाही लागला हे भावाले कसं समजलं मंग?"

तो थोडा वेळ खोकला. मग म्हणाला, "सांग त्याले, ज्याच्यासंगं अबोला असते न, त्याच्यावरच माणसाचं ध्यान असते. दिवा लागला का, खोकला आला का, आज उठला का. भावाले नाही समजन त कोणाले समजन? मारणारा गोड बोलते. अबोलावाला कायले मारीन? त्याचा दिवस कसा जाईन मंग?"

मला फार राग आला. माझ्या पुस्तकात येऊन, माझ्याच धुऱ्यावर बसून, हा मला शिकवतो. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "आजचं वाचन झालं."

"याडीओ!" एक तरुण पोरगी कळवळली. "बाबाजी, एकच त राह्यलं!"

"माह्या डोळ्यात पाणी येऊन राह्यलं."

"कायचं पाणी?" याडी म्हणाली. ती माझ्याकडे तशी बघत होती जशी ओल्या कापसाकडे बघते. बुंध्यावरचा उठला, धोतर झटकलं आणि काठी टेकत निघून गेला. तो मागे वळणार नाही हे मला माहीत होतं. मीही वळलो नसतो.

घरी गेल्यावर दिवेलागणीच्या आत मी अंगणात बसून शेवटचं प्रकरण वाचलं. सून म्हणाली, "आज बाया नाहीत, मंग इतक्या मोठ्यानं कायले?" मी पान उलटलं. भाचा निघाला. पाय चेपता चेपता त्यानं मामाकडून मळा लिहून घेतला होता. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. शेवटी इन्स्पेक्टर बाई भावाला विचारते की इतक्या वर्षांत तुम्ही बोललात का नाही? तो सांगतो की आधी राग होता, मग राग कशाचा ते विसरलो, मग सवय झाली, आणि आता समोरची खिडकी अंधारात आहे तर संध्याकाळी बघायचं कुठे हे कळत नाही. लेखिकेनं तिथे एक शब्द जास्त लिहिला नाही. बाई लवंग तोंडात टाकते आणि जीपमध्ये बसते. संपलं. मी ते पान पुन्हा वाचलं. आजवर वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत इतकं चांगलं पान मी पाहिलं नाही, आणि मी ते ज्याच्यापासून मिटून ठेवलं होतं तो सकाळी दारव्ह्याच्या पहिल्या जीपनं जाणार होता.

पळस माझाच होता. त्याचा इथे काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, पुस्तक पिशवीत घातलं आणि सुनेला सांगितलं, दारव्ह्याला जातो, पुस्तक परत करायचं आहे. ते खरंच करायचं होतं. जीपमध्ये तो मागच्या बाकावर मुलाच्या खांद्याला टेकून बसला होता, गळ्याभोवती मफलर. त्याच्या समोरची जागा रिकामी होती, तिथे बसलो. त्यानं बाहेर बघितलं. मीही बाहेर बघितलं. जीप गावाबाहेर पडली तसं मी पुस्तक काढलं, शेवटचं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागलो. मला मनात वाचता येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यामुळे मी कोणाला वाचून दाखवतोय असं कोणाला म्हणता येत नव्हतं. बाजाराला निघालेल्या बायांनी कान इकडे केले. भाच्याचं नाव येतं तिथे मी मुद्दाम थांबलो नाही, पण ते खालच्या आवाजातही वाचलं नाही. पुढे भावाचं बोलणं सुरू झालं आणि तेवढ्यात जीप खड्ड्यांच्या रस्त्याला लागली, पत्रा खडखडायला लागला.

"ड्रायव्हर," तो बाहेर बघतच म्हणाला, "सांग त्याले. गाडीचा आवाज होते. मोठ्यानं वाच म्हणा."

मी आवाज चढवला आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली.