परित्यक्ता

लग्नाला तीन वर्षं झाली आणि नवरा निजामाबादला कामाला जातो म्हणून गेला, तो आलाच नाही. तिथं त्यानं दुसरं लग्न केल्याचं पुढं कळलं. मी पुसेगावजवळ आमच्या गावी धाकट्या भावाकडं येऊन राहिले. कुणी विचारलं की सांगायची, "कामावर हायत, दिवाळीला येतील." अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या. भावाची लेकरं मोठी होत गेली, तसं माझं अंथरूण आतल्या खोलीतून ओसरीवर आलं आणि ओसरीवरून बैलांच्या कोठ्यात. जा असं कुणी म्हणालं नाही. जागाच पुरत नव्हती.

मग गावाला सरकारी घरकुलं मंजूर झाली. ग्रामसेवक मला म्हणाले, "ताई, परित्यक्ता म्हणून तुमचं नाव बसतं. पण ग्रामसभेत तुम्हाला स्वतः सांगावं लागेल."

तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "म्हंजे काय?"

त्यांनी खाली बघितलं. "नवऱ्यानं टाकलेली."

मारुतीच्या पारावर सभा भरली. भाऊ समोरच बसला होता. मी उभी राहिले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुहा नवरा तर दिवाळीला येनार हाय म्हनं?"

"न्हाई येनार," मी म्हणाले. "टाकलंय त्यानं मला."

भाऊ उठून निघून गेला.

घर गावाबाहेर गायरानात मिळालं. भिंतींवर मारायला पाणी मीच हापशावरून आणायची. वाटेत भेटणाऱ्या बायका पूर्वी थांबायच्या, आता पदर सावरून पुढं जायच्या. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

पत्रे चढले त्या दुपारी भावजय आली, डोक्यावर माझी लोखंडी पेटी घेऊन.

"आक्का, त्यायचा राग आजून गेला न्हाई," ती म्हणाली. "पर तुमची पेटी तुमच्या घरी पायजे."

दूध नव्हतं. आम्ही कोरा चहा पिलो. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत गेली.

भाऊ पुढं बोलायला लागला, पण त्या घरात कधी बसला नाही. दारातूनच निरोप सांगून परतायचा. मजुरीवरून आले की मी कुलूप काढायची. काढताना दर वेळी बरं वाटायचं. आत रिकाम्या घरात पाऊल टाकलं की ते बरं वाटणं जायचं.