बिराजदार मॅडम आणि सोबतीने चालणारे टेबल

शकुंतला बिराजदार मॅडमच्या षष्ठ्यब्दीनिमित्त लिहा, असा निरोप आला आणि मी गोंधळलो. तसा त्यांच्यापुढे मी पहिल्या दिवसापासून गोंधळलेलाच आहे. स्पर्शपडद्याचे टेबल टेम्पोत घालून मी लातूरहून नांदेडच्या संग्रहालयात उतरलो, तेव्हा त्या तिथल्या प्रमुख होत्या. पाहुण्याने आपली आवड आणि हाताशी असलेला वेळ बोटाने सांगायचा, टेबलाने कोणती दालने कोणत्या क्रमाने पाहायची ते आखून द्यायचे, अशी माझी रचना. मॅडमनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "एकटं कोण येतं हो इथं?" मला प्रश्नच कळला नाही.

तो कळला हदगावच्या एका कुटुंबामुळे. सासू, सुना, लेकरे, सगळ्यांनी टेबलाला वेढा घातला. कुणी पिशवी टेकवली, कुणी तान्ह्या बाळाला काचेवर बसवले. टेबलाला ती सगळी बोटेच वाटली, आणि पडद्यावर नाणी, तोफा, मूर्ती यांची पळापळ सुरू झाली. मी एकेकाला यायची विनंती केली. आजी म्हणाल्या, "एकेक कशापायी? आमी समदे संगंच हाव की." मॅडम हसल्या. मला मात्र घाम फुटला. टेबल चाचणीपुरतेच ठेवले होते; ती फसली तर ते परत जाणार होते, आणि त्याच्यासाठी मॅडमनी वरिष्ठांकडे शब्द टाकला होता.

दुसरे कुणी असते तर 'हात लावू नये' अशी पाटी लावून मोकळे झाले असते. मॅडमनी माझी रचनाच मोडली. टेबलाभोवती पिशव्यांसाठी फळी बसवली. पहिला प्रश्न ठेवला, 'सोबत कोण कोण आहे?' समोरासमोरच्या बाजूंनी किमान दोघांनी हात टेकले तरच सगळ्यांची मिळून दालनांची एकच फेरी निघे, आजींच्या गुडघ्यांसाठी जिना टाळून. 'मी एकटा' हे बटण त्यांनी काढायला लावले. कुणी खरेच एकटा आला तर काय, म्हणून मी हुज्जत घातली.

"तर शेजारच्याला हाक मारील," त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास मी लॉजवर एकटाच तापाने पडलो होतो. मॅडमच्या घरून ज्वारीच्या कण्यांचा डबा रोज येई. त्या डब्याचा आणि त्या बटणाचा काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही. टेबल मात्र संग्रहालयात राहिले, आणि ते सांभाळायला मीही.

निवृत्तीच्या दिवशी मॅडमना पाहुण्यासारखे फिरायची हुक्की आली. त्यांनी लग्न केलेले नाही, घरी दुसरे कुणी नाही. टेबलाने विचारले, सोबत कोण कोण आहे? त्यांनी हात टेकवला. पडदा पुढे सरकेना. नियम त्यांचाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांना गोंधळलेले मी प्रथमच पाहत होतो. मी समोर जाऊन हात ठेवला. मग तिकीट खिडकीतल्या मावशींनी ठेवला, पहारेकऱ्याने ठेवला, आणि काय चाललेय ते न कळताच कंधारहून आलेल्या एका अनोळखी बाईंनीही ठेवला. फेरी उघडली. आम्ही सगळेच त्यांच्यामागून निघालो.

मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्या वरचेवर इकडे फिरकोत. 'मी एकटा' हे बटण आम्ही अजूनही परत बसवलेले नाही.