आतोबांची बिनआवाजाची पेटी

जगातला प्रत्येक आवाज कुठे तरी हवा अडकल्यामुळे होतो, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. शहापूरच्या बाजारात त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. दिवसभर ट्यूबांमधून निघणारी हवा ऐकून ऐकून त्यांचं हे तत्त्वज्ञान तयार झालं असावं. शेजारचं मूल रडलं की "पोटात हवा अडकलीय", दार करकरलं की "बिजागरीत हवा शिरलीय". निवडणुकीच्या सभेत एखादा पुढारी तासभर ओरडला, तर आतोबा मान हलवून म्हणायचे, "याचा वॉल कोनीतरी काढायला पायजे." आत्या संतापली म्हणजे मात्र ते आपलं निदान मनातच ठेवत. मी तेव्हा तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो. त्यामुळे ही सगळी विद्या मला दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर मिळत असे.

अशा माणसाने घरात मासे पाळावेत आणि त्या माशांनीच घर डोक्यावर घ्यावं, हा दैवाचा खेळ म्हणायचा. सायकलींचे सुटे भाग आणायला मुंबईला गेले असताना आतोबांनी कुठल्याशा व्यापाऱ्याच्या पेढीवर काचेच्या पेटीत फिरणारे सोनेरी मासे पाहिले आणि ते भाग आणायचे विसरले. परत आले ते मांडीवर दुधाची बरणी घेऊन. वाटेत कोणी झाकण उघडू नये म्हणून "आत रॉकेल हाय" असं ते सगळ्यांना सांगत आले. बरणीतले मासे ओटीवर काचेच्या पेटीत सोडल्याची बातमी पसरताच निम्मं शहापूर तिथे जमलं. मासे पाहून झाल्यावर प्रत्येक जण न चुकता विचारी, "कालवण कधी?" आतोबांना हा प्रश्न जिव्हारी लागायचा. माशांना वास जाऊन त्यांचं मन दुखू नये म्हणून घरातली सुकट त्या दिवसापासून परसात भाजली जाऊ लागली, तीही वारा कुठला आहे हे बघून. आत्या हातात सुकटीचा तवा घेऊन परसात उभी असायची, आणि आतोबा वाळलेलं पान हवेत सोडून दिशा ठरवायचे.

खरा घोळ पाण्याचा होता. मासे स्वच्छ राहायचे तर पाणी फिरतं हवं, असं आतोबांनी मुंबईत ऐकलं होतं. विजेचा पंप त्यांच्या आवाक्यातला नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो उघडून ठेवला असता. त्यांनी माळ्यावर पिंप चढवलं. पिंपातून नळीने पाणी पेटीत पडायचं, पेटीतलं जास्तीचं पाणी दुसऱ्या नळीने खालच्या मडक्यात उतरायचं, मडक्यातल्या वाळूकोळशातून गाळून बादलीत जमायचं आणि बादली पुन्हा माळ्यावर जायची. ही शेवटची पायरी माणसाची होती. आतोबांकडे येणाऱ्याला आधी बादली आणि मग चहा, असा शिरस्ताच पडला. पिंपातलं पाणी पडे धबधब, मडक्यातलं ठिबके टपटप आणि मधली नळी पाण्याबरोबर हवा गिळून जो आवाज काढी, तो ऐकून माणूस हातातला घास खाली ठेवत असे. त्यांची एकुलती एक मुलगी कुंदा मुरबाडला दिलेली. तिचे सासरे एकदा मुक्कामाला राहिले आणि सकाळी निघताना आतोबांना हळूच म्हणाले, "आतल्या म्हाताऱ्यांना जपा. रातभर घशात घरघर होती. अडुळशाचा काढा द्या." घरात म्हातारं माणूसच नव्हतं. आतोबांनी गंभीरपणे मान डोलावली.

हे सगळं चाललं ते कुंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येईपर्यंत. पेटी ओटीवर आणि कुंदाची खाट माजघरात, मध्ये नुसता शेणाने सारवलेला कूड. पोरीच्या डोळ्याला डोळा लागेना. आठवडाभरात तिचे डोळे खोल गेले आणि आत्याचा पारा चढला. एका सकाळी ती दुकानाच्या फळीपाशी जाऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "अहो, आता या घरात ती पेटी तरी राहील नायतर पोर तरी राहील. मी कुंदाला घेऊन धसईला माझ्या भावाकडं चालले." हा भाऊ म्हणजे माझे वडील. पहिलं बाळंतपण बापाचं घर सोडून मामाकडे व्हायचं, म्हणजे आतोबांना मुरबाडात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. ते पंक्चर काढत होते. ट्यूब तशीच पाण्यात राहिली. "चार दिवस दे मला," एवढंच ते म्हणाले. कुंदाशी बोलायला ते गेले नाहीत. मुलीशी त्यांचं बोलणं लहानपणापासून "जेवलीस का?" याच्या पुढे कधी गेलेलं नव्हतं, आणि उत्तर यायच्या आत ते स्पोकाकडे वळलेले असायचे. माया नव्हती असं नाही. ती बाहेर कुठून काढायची, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतर आतोबांनी घरात जे काही केलं त्याला तोड नाही. पेटीखाली जुन्या ट्यूबचे तुकडे गेले, मडक्याखाली चुंबळ आली, पिंपाभोवती तुसाची गोणी बांधली गेली. पडणाऱ्या पाण्याला त्यांनी सुतळी लावली. पाणी सुतळीवरून घरंगळत मुकाट खाली उतरू लागलं. मधल्या नळीने मात्र दाद दिली नाही. शेवटी तिच्या वाकणाला त्यांनी बारीक भोक पाडलं आणि त्यात सायकलच्या वॉलची बारीक रबरी नळी, वॉलट्यूब, बसवली. अडकलेल्या हवेला वाट मिळाली आणि ती घरघर मध्येच तुटल्यासारखी थांबली. आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण आवाज होईल म्हणून वाजवल्या नाहीत. मग सुरू झाली परीक्षा. आत्याचा या कामी विश्वास नव्हता, म्हणून दुकानावर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कुडापलीकडच्या मोकळ्या खाटेवर नेऊन झोपवलं जाई. वैशाखरे गावचा एक शेतकरी सायकल घ्यायला आला होता, तो आडवा झाला तो दिवे लागताना उठला. "आवाज काय नाय बा," तो डोळे चोळत म्हणाला, "पण माझा बाजार बुडाला की हो!" आत्याने धसईचं गाठोडं सोडलं. कुंदा आपल्याच घरी बाळंत झाली, मुलगी झाली, आणि आतोबांनी साऱ्या बाजारात पेढे वाटले ते हातावरचं काळं ग्रीस न धुताच.

पण सुख फार टिकलं नाही. उन्हाळा चढला तसे दुपारी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. आतोबा बराच वेळ पेटीसमोर उभे राहिले. पाणी धबधब पडत होतं तेव्हा त्याच्याबरोबर हवाही आत जात होती. आवाज गेला तशी तीही गेली. त्यांनी सुतळी काढली, पाणी पडू लागलं, मासे खाली गेले, आणि कुडापलीकडे बाळ दचकून जे रडायला लागलं ते काही केल्या थांबेना. आत्या दारात येऊन उभी राहिली. आतोबांनी सुतळी पुन्हा बांधली. मासे सोडून द्यायचे तर पाण्याने भरलेली विहीर जवळपास एकही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आलो. बघतो तर आतोबा दुकानाला कुलूप लावून पेटीशेजारी पाटावर बसलेले. हातात देवघरातली पळी. ती भरून वर उचलायची, आणि पाणी दुसऱ्या हाताच्या तळव्यावरून हलकेच पेटीत सोडायचं. पुन्हा भरायची, पुन्हा सोडायचं. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "बाळ निजलंय," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. मी शेजारी बसलो आणि थोड्या वेळाने पळी मागितली. त्यांनी दिली नाही. "मास्तर, तुमचा हात शाळेत वळलेला. खडूसारखी आपटाल." सकाळ-संध्याकाळ घर जागं असताना सुतळी निघे आणि पाणी हवं तेवढं दंगा करी, पण दुपारची झोप आतोबांनी स्वतःच्या हातांवर घेतली. बाजारात लोक म्हणू लागले की नातीच्या आनंदाने यांचं डोकं फिरलं. उन्हाळाभर दुपारी शहापुरात भाड्याने सायकल मिळाली नाही.

बाळाला तिसरा महिना सरल्यावर कुंदा मुरबाडला निघाली. पोचवायला मी जाणार होतो. आतोबा एस.टी.पर्यंत आले, खिडकीशी उभे राहिले आणि बराच वेळ गाडीच्या टायराकडे बघत होते. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "कुंदे, दुपारचा आवाज यायचा नाय ना?"

"नाय अण्णा," कुंदा म्हणाली. "गाढ झोपायची मी."

त्यांचा चेहरा असा फुलला की त्या माणसाची मला फार माया वाटली. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा कुंदा हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

"सगळं ऐकू यायचं रे मला," ती म्हणाली. "पळी काचेला लागली की ते स्वतःलाच 'हळू, हळू' म्हणायचे, ते पळीपेक्षा मोठ्यानं. एकही दुपार झोपले नाय मी."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर उठून दुकानात गेले असते." तिने बाळाचं टोपडं नीट केलं. "इतका वेळ माझ्या उशाशी ते आधी कधी बसले होते सांग?"

मुरबाडचा रस्ता तेव्हा फार खराब होता. गाडीच्या सगळ्या काचा खडखडत होत्या, आणि बाळ आईच्या मांडीवर शांत झोपलेलं होतं.