हाकलण्यातली हाक

घरातल्या कुत्रीला हाकलून देऊन, मग नैवेद्याचं पान हातात घेऊन कुत्रं शोधत कोथरूडभर फिरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. वय तेव्हा जेमतेम पासष्ट, म्हणजे अक्कल अजून यायची होती. सोवळं मात्र वेळेआधीच आलं होतं. आता आठवलं की हसू येतं आणि हसता हसता मान खाली जाते, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझी नात सई तेव्हा कॉलेजात होती. लोणी काळभोरच्या पुढे बेवारशी, जखमी कुत्री सांभाळणारी एक जागा आहे, तिथून तिनं एक म्हातारी कुत्री घरी आणली. नऊ-दहा वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचा पाय ओढत चालणारी. "अगं, पिल्लू तरी आणायचंस!" मी म्हटलं. "पिल्लं सगळेच नेतात आजी, म्हाताऱ्यांना कोणी नेत नाही." "असं? मग उद्या मलाही ठेव तिथं, बघू कोण नेतंय." माझी सून नीता फोनमधून डोकंही वर न काढता म्हणाली, "आई, तुम्हाला ते ठेवूनच घेणार नाहीत." कुत्रीचं नाव ठेवलं राणी. पण राणी म्हटलं की ही ढिम्म. मी निदान करून मोकळी झाले, बहिरी आहे.

नेमकं त्याच आठवड्यात माझं दत्ताच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण होतं. सोवळ्यात स्वयंपाक, सोवळ्यात वाचन, शिवाशिव चालायची नाही. आणि ही बया स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून माझ्याकडे टक लावून बघायची. मी "हाड!" म्हटलं की उठून आणखी जवळ यायची. पुन्हा "हाड!", तर शेपूट हलवत पार पायाशी. काय चिकट जनावर, म्हणून मी रोज चरफडायचे. समोर तसबिरीत दत्तमहाराज, त्यांच्या पायाशी चार कुत्री. त्या चौघांना रोज गंध-फूल, आणि पाचवीला हाड. यात काही विसंगत आहे असं माझ्यासारख्या विदुषीच्या मनातही आलं नाही.

समाप्तीच्या दिवशी सकाळी मी घेवड्याची भाजी फोडणीला टाकत होते आणि तिचं ओलं नाक माझ्या सोवळ्याला लागलं. माझा तोल गेला. सई कॉलेजात, नीता हडपसरला ऑफिसात, घरात मी एकटी. "हाड, हाड" करत मी जिना उतरले आणि ती लंगडत, मोठ्या आनंदानं माझ्या मागे आली. फाटकाबाहेर तिला काढलं, कडी घातली, वर येऊन पुन्हा आंघोळ केली आणि शेवटचा अध्याय अगदी गहिवरून वाचला. दुपारी सई आली. "आजी, राणी कुठेय?" मी म्हटलं, "दार उघडं राहिलं असेल बाई." पोथी मिटून अर्धा तासही झाला नव्हता.

सईचा चेहरा पांढरा पडला. तशीच पायांत चपला सरकवून ती धावली. खिडकीतून तिची हाक ऐकू येत होती, "राणी! राणी!" बाहेर गाड्यांची ती गर्दी, आणि त्यात एक डोळा आणि तीन पाय. मी नैवेद्य दाखवायला वळले. आमच्याकडे समाप्तीला कुत्र्यासाठी वेगळं पान काढतात. पान वाढलं, आणि हात तसाच राहिला. हे पान कुणासाठी? तसबिरीतली चारही माझ्याकडे बघत होती. मी काही नवस बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं. एवढंच म्हटलं, "महाराज, मला जमत नाही. तुम्ही बघा." पान उचललं आणि निघाले.

गल्लीगल्लीत "राणी, राणी" करत तासभर फिरले. शेवटी दत्तमंदिराच्या कोपऱ्यावर टेकले. तिथं हार विकणारी एक बाई बसली होती. मी तिला पूर्वी कधी पाहिली नव्हती, नंतरही दिसली नाही. माझ्या हातातलं पान बघून ती म्हणाली, "आजी, कुत्र्याला घालायचंय व्हय? हितं एक म्हातारी हाय बघा, टोपलीमागं. सकाळपास्नं हाड हाड करतीया, तर येडी मांडीवरच येतीया. कुनी तिचं नावच हाड ठेवलंय का काय!"

जन्मभर रस्त्यावर राहिलेल्या जिवाकडे बघून माणसं एकच शब्द बोलत आली होती. तिला वाटलं, मलाच बोलावतायत. भर रस्त्यात, देवळासमोर, मी रडत हाक मारली, "हाड! अगं हाड!" टोपलीमागून ती उठली, शेपूट हलवत आली, आणि माझ्या सोवळ्यावर डोकं घासून पानातली घेवड्याची भाजी खाऊ लागली.

पुढे ती चार वर्षं आमच्यात होती. सोसायटीतले लोक चक्रावायचे, या आजी "हाड" म्हणतात आणि हातानं भाकरी भरवतात! त्या हारवाल्या बाईला तिथं कोणी बसवलं, ते मी विचारत नाही, हात जोडते. मी आयुष्यभर देवाला गोड हाका मारल्या आणि त्यानं जरा उशीर केला की रुसून बसले. तिला मात्र हाकलण्यातही हाक ऐकू यायची. शरण जाणं म्हणजे काय, ते मला सात दिवस वाचून कळलं नव्हतं.

ती सापडली त्या संध्याकाळी मी सई आणि नीता दोघींसमोर सगळं कबूल केलं, कडीसकट, खोटं बोलण्यासकट. सई उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तेच बरोबर होतं. नीता कुत्रीचे पाय पुसत होती. वर न बघता म्हणाली, "आई, तुम्ही तिला नावं ठेवत होतात. तिनं बिचारीनं त्यातलंच एक ठेवून घेतलं."