साइटवरचा अंतराचा पसारा

आमच्या पेणच्या गणपती कारखान्याची वेबसाइट उघडायला घेतली की माणसानं खुशाल चहा टाकावा. चहा उकळेल, गाळून होईल, तरी पहिला गणपती काय दिसायचा नाय. ठाण्या-पुण्याची गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्या कारखान्यात जायची. आणि माझ्या सासूबाई, गिरजाबाई, पापड लाटता लाटता म्हणायच्या, अंतरा होती तेव्हा बरं चालायचं गो सगळं.

अंतरा म्हणजे माझ्या नवऱ्याची, विशालची, पहिली बायको. साइट तिनंच बनवलेली. काही वर्षं संसार केला, मग निघून गेली, रीतसर घटस्फोट झाला. आता रोह्याला क्लासात कॉम्प्युटर शिकवते. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण घरात जिथं हात घालावा तिथं तीच. हळदीचा डबा कुठं, तर अंतरानं ठेवला तिथं. कारखान्याच्या पाटीचा रंग कुठला, तर अंतरानं निवडला तो. जळायचे मी. खोटं कशाला बोलू?

लग्नाआधी मी डोलवीला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे, म्हणून अगदीच ढ नव्हते. शिमगा झाला, ऑर्डरी सुरू व्हायची वेळ आली, तशी मी साइटच्या पोटात शिरले. तर आत सगळा हिचाच पसारा! बाईंना हौस दांडगी. साइटवर वरून पडणारी फुलं, किती लोक येऊन गेले तो आकडा, गिऱ्हाइकांशी गप्पांची खिडकी. असल्या एकेका करामतीसाठी एकेक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. ती गेल्यावर विशालनं ही प्लगिन काढली, पण त्यांनी साठवलेली माहिती डेटाबेसमध्ये तशीच राहिली. कोणीही साइट उघडली की ती बिचारी आधी हे सगळं ओझं उचलणार, मग गणपती दाखवणार. फुलं पडायची कधीच थांबलेली, फुलांचं लोढणं मात्र गळ्यात.

काढताना प्रत्येक प्लगिननं विचारलं होतं म्हणे, माहितीही पुसू का? विशालनं दर वेळी नको म्हटलं. कारखान्यात साचा कधी टाकत नाय. एखादी मूर्ती चालेनाशी झाली तरी तिचा साचा माळ्यावर जातो, कारण दहा वर्षांनी कोणीतरी तीच मागायला येतं. तोच कायदा ह्यानं कॉम्प्युटरला लावला. असली चूक पेणचा मूर्तिकारच करू जाणे. पण तेव्हा मला एवढंच दिसलं, की हिचं काही पुसायला ह्याचा हात होत नाय.

मी पुसते म्हटलं, तर म्हणाला, राहू दे, लागेल कधी. कधी लागणार, ती परत आल्यावर? असं मी तोंडावर विचारलं. तो ब्रश धुवायला उठून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच्या मनात ती अजून हाय का नाय, एवढंच मला कळायला हवं होतं. त्याशिवाय घास गोड लागेना.

डोळे मिटून पुसताही येईना. आमच्याकडं मूर्ती ठरली की गिऱ्हाईक घरचा पाट कारखान्यात आणून ठेवतं आणि त्या पाटावरच गणपती बसतो. कोणाचा पाट कुठल्या मूर्तीला, हेही त्याच ढिगात होतं. भलतंच पुसलं तर चतुर्थीच्या तोंडावर लोकं दारात येऊन शिव्या घालणार. म्हणून गडबला आईकडं जाते सांगून मी रोह्याची एसटी धरली. गडब आलं तेव्हा कोणी बघू नये म्हणून तोंडावर पदर घेऊन बसले.

मला वाटलेलं, असेल कोणी नटवी. क्लासात जाऊन बघते, तर निघाली माझ्याहून बुटकी, सावळी, चपलेचा अंगठा शिवलेला. हिच्यासाठी मी एवढं रक्त आटवलं? मग ती हसली आणि माझ्या परत पोटात दुखलं. छान हसते मेली. मी भूमिका, विशालची बायको, असं सांगितलं, तर कोकम सरबत पुढं केलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, मी सरळ लॅपटॉप उघडला. तिनं पाटांचं तेवढं वेगळं दाखवलं आणि म्हणाली, आधी बॅकअप घे, मग माझं बाकीचं सगळं टाकून दे.

"पण ते टाकू देत नायत," मी म्हटलं. "तुमचं काहीच टाकू देत नायत."

तिचं हसू गेलं. "भूमिका, तो वस्तू टाकत नाही. मी बॅग घेऊन निघाले तेव्हा मूर्तीचे डोळे आखत होता. मान वर केली नाही. वर्षभर इथं वाट बघितली मी. पेणहून रोहा किती लांब आहे, सांग."

ती ह्याच्या मनात नाय म्हटल्यावर परतताना मी इतकी खूश, की एसटीत शेजारच्या बाईला शेंगदाणे दिले. घरी येऊन बॅकअप घेतला, पाटांचं बाजूला ठेवलं आणि बाकीचं एकेक करून पुसलं. काय थंडावा वाटला म्हणून सांगू! साइट बोट लावताच उघडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, अंतराची साइट ती, पळणारच.

तेही मी गिळलं. विशाल परदेशी जाणाऱ्या मूर्तीचे डोळे आखत बसला होता. त्याला सांगितलं, अंतराचं होतं नव्हतं ते सगळं पुसलं. बरं, म्हणाला. मी त्याचा चेहरा निरखला. राग नाय, दुःख नाय, काहीच नाय. म्हणजे जिंकले की मी. तरी पाय तिथून हलेनात.

"मी उद्या बॅग घेऊन निघाले, तर न्यायला याल?"

"आता कुठं निघालीस? माल भरायचाय." ब्रश डोळ्यावरून हलला नाय.

मी फडकं घेऊन पलीकडच्या मूर्तीची धूळ झटकायला बसले. आजवर तिचा हेवा केला तो सगळा फुकट गेला. खरा हेवा तेव्हा वाटला, ती निघून जाऊ शकली ह्याचा.