दुसरा दंडवत

मलसुक मेलेली नव्हती, तिला मारून ठेवलं होतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती पोहांगहून पळाली आणि बुसानच्या खानावळींत भांडी घासत राहिली. इकडे समुद्रात सापडलेलं कुणाचंतरी प्रेत भावानं तिचं म्हणून जाळलं. काही वर्षांनी ती माहेरी आली, ती नेमकी स्वतःच्याच श्राद्धाला. समोर आपला फोटो, पुढे भाताचा वाडगा, भातात मेलेल्यांसाठी खोचतात तसा उभा चमचा. तिनं ते बघितलं आणि आपण मेलोय हे मान्य करून टाकलं. भावानं तिला जवळ घ्यायचं सोडून वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. रक्ताच्या माणसाची सही असली की झालं. बाईला कोण विचारतो!

मी तिथे रुग्णांच्या हक्कांसाठी भांडायला जायचे. मलसुक अन्नाला शिवत नव्हती.

"मेलेल्या बाईला कसली भूक, ताई?" असं हसून म्हणायची.

तिला जेवू घातलं गी-बोमनं. हा त्याच वॉर्डातला, पूर्वीचा बसड्रायव्हर. गाडीत मेलेली माणसं चढतात म्हणायचा, म्हणून आत आलेला. मेलेल्यांना लाल तिखट चालत नाही, म्हणून त्यानं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, पाण्यात धुतली. भातात चमचा उभा केला आणि दोनदा दंडवत घातला. जिवंताला एक, मेलेल्याला दोन, ही आमची रीत. मलसुक मुकाट्यानं जेवली.

"अहो, आळणी आहे."

"मेलीस, तरी नखरे काही गेले नाहीत!"

असं बरेच महिने चाललं. डॉक्टर त्याला झापायचे, "तू तिचं वेड पोसतोयस." त्यात गडी प्रेमात पडलेला. एका दुपारी त्यानं एकच दंडवत घातला आणि तसाच बसून राहिला.

"दुसरा?"

"दुसरा नाही. तू जिवंत आहेस, मलसुक. माझ्याशी लग्न कर."

तिनं वाडगा सरकवला. "तुमचं माणूस चुकलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन घातले. मग रडत रडत घालतच सुटला.

"उगी," ती म्हणाली. "तुम्हाला आता मी मेलेली वाटत नाही. खोट्याचं कसं खाऊ?"

डॉक्टर खूश. गी-बोम मेलेल्यांना मानेनासा झाला, म्हणजे बरा झाला. त्याला घरी धाडलं. मलसुकचे हात खाटेला बांधून नाकात नळी घातली. मी आरडाओरडा केला, भावाला फोन लावला.

"आमचं रडून झालंय," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

गी-बोम रोज फाटकावर येतो. "पेशंटचे कोण तुम्ही?" वॉचमन विचारतो.

"कुणी नाही," म्हणतो आणि परत फिरतो.